पैशाची वाट अडवण्याचा इतिहास

१८६८ साली लुइझियानाच्या विधिमंडळाने एका लॉटरी कंपनीला पंचवीस वर्षांची सनद दिली. अमेरिकेतले यादवी युद्ध संपून तीनच वर्षे झाली होती, राज्याची तिजोरी रिकामी होती आणि न्यू ऑर्लिन्सच्या धर्मादाय रुग्णालयाला दरवर्षी ४०,००० डॉलर द्यायचे कंपनीने कबूल केले होते. लोकांचा विश्वास बसावा म्हणून बोरेगार्ड आणि जुबल अर्ली हे दक्षिणेच्या फौजेचे दोन नामवंत माजी सेनापती पुढे सोडतीला जातीने हजर राहू लागले. लॉटरी लुइझियानाची असली तरी तिचे बहुतेक गिऱ्हाईक राज्याबाहेरचे होते. तिकिटे टपालाने जात आणि पैसेही टपालानेच येत. ज्या राज्यांनी लॉटरीवर बंदी घातली होती तिथेही तिकिटे सर्रास खपत, आणि त्या राज्यांना कंपनीचे काही वाकडे करता येत नव्हते, कारण ती जिथे होती तिथे तिचा धंदा पूर्ण कायदेशीर होता. सनद संपत आली तेव्हा नव्या सनदेसाठी कंपनीने राज्याला वर्षाला साडेबारा लाख डॉलर देऊ केले. चाळीस हजारांपासून साडेबारा लाखांपर्यंतची ही उडी पाहिली की टपालाच्या थैल्यांतून किती पैसा वाहत होता याची कल्पना येते.

वॉशिंग्टनच्या सरकारने या कंपनीला थेट हात लावला नाही. राज्याने दिलेली सनद रद्द करण्याचा अधिकार त्याला नव्हता. मात्र टपाल खाते त्याच्या हातात होते. राष्ट्राध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांनी काँग्रेसकडे मागणी केली आणि १९ सप्टेंबर १८९० रोजी कायदा झाला: लॉटरीची पत्रे आणि जाहिराती टपालाने जाणार नाहीत, आणि लॉटरीच्या किंवा तिच्या एजंटाच्या नावे काढलेली मनीऑर्डर पोस्टमास्तराने चुकती करू नये असा हुकूम काढण्याचा अधिकार पोस्टमास्टर जनरलला मिळाला. या रस्त्यावर पहिला बळी एका बँकेचा गेला होता, तोही काही वर्षे आधी. टपाल खाते आपली पत्रे अडवते हे पाहून कंपनीने जाहिरातीत न्यू ऑर्लिन्स नॅशनल बँकेचा पत्ता द्यायला सुरुवात केली. तेव्हा १८८०च्या दशकात टपाल खात्याने त्या बँकेच्या नावची रजिस्टर पत्रेही अडवली आणि बँकेला न्यायालयाचे दार ठोठावावे लागले. बँकेने एकही सोडत काढली नव्हती. लोकांचा पैसा तिच्या दारातून जात होता, इतकाच तिचा संबंध. १८९० नंतर टपाल पूर्णच बंद झाले तेव्हा लॉटरीवाल्यांनी होंडुरासचा आसरा घेतला आणि खासगी एक्स्प्रेस कंपन्यांच्या पेट्यांतून तिकिटे पाठवायला सुरुवात केली. १८९५ मध्ये तीही वाट कायद्याने बुजवली. १९०३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो कायदा उचलून धरला. त्या खटल्यातली तिकिटांची पेटी टेक्सासहून कॅलिफोर्नियाला नेण्यासाठी वेल्स फार्गोच्या एक्स्प्रेस कंपनीकडे सोपवलेली होती.

पुढच्या सव्वाशे वर्षांत जे काही घडले त्याचा सांगाडा या प्रकरणात तयार झालेला दिसतो. एखादा धंदा सरकारला नको असतो, पण तो धंदा करणारा सरकारच्या हद्दीत नसतो, किंवा कायदा त्याच्याबाबत संदिग्ध असतो, किंवा त्याला शिक्षा करणे राजकीयदृष्ट्या परवडत नाही. पैसे नेणारा मात्र कायम हद्दीत असतो, त्याच्याकडे परवाना असतो आणि गमवायला पुष्कळ काही असते. म्हणून दडपण त्याच्यावर येते. पेमेंट कंपन्या वादग्रस्त व्यवसायांपासून दूर पळतात याचे कारण त्यांची नीतिमत्ता, असे काही जण मानतात; काही जण म्हणतात की त्या फक्त कायदा पाळतात. माझ्या मते दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. या कंपन्यांच्या धंद्याची रचनाच अशी आहे की नफा कणभर आणि जबाबदारी मणभर असते. त्यामुळे कायद्याने आखलेल्या रेषेच्या बऱ्याच अलीकडे त्या थांबतात. सरकारांनी आणि दबावगटांनी ही गोष्ट फार पूर्वीच हेरली.

ही रचना नीट समजून घ्यायला हवी, कारण सगळा वाद तिथेच अडतो. १९५८ मध्ये बँक ऑफ अमेरिकाने कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो गावात हजारो घरांना न मागता कार्डे पाठवली. त्याच बँकअमेरिकार्डचे १९७६ मध्ये व्हिसा झाले. या व्यवस्थेत चार जण असतात: कार्डधारक, त्याला कार्ड देणारी बँक, दुकानदार आणि दुकानदाराचे पैसे गोळा करणारी बँक. व्हिसा किंवा मास्टरकार्ड ही नेटवर्के या चौघांमधले दुवे आणि नियम सांभाळतात. १९७४च्या फेअर क्रेडिट बिलिंग कायद्याने अमेरिकी गिऱ्हाइकाला बिलातल्या चुकीच्या रकमेवर हरकत घेण्याचा हक्क दिला आणि नेटवर्कांच्या नियमांनी तो आणखी रुंदावला. माल आला नाही, खोटा निघाला, व्यवहार मी केलाच नाही, असे गिऱ्हाइकाने सांगितले की पैसे उलट दिशेने वाहू लागतात. याला चार्जबॅक म्हणतात. पैसे दुकानदाराकडून वसूल व्हायचे; पण दुकानदार पळाला किंवा बुडाला असेल तर त्याच्या बँकेने ते भरायचे. आता हिशेब पाहा. समजा शंभर रुपयांच्या विक्रीवर या बँकेला खर्च वजा जाता चार आणे सुटतात. अशी एक विक्री उलटली आणि दुकानदार हाती लागला नाही, तर चारशे विक्रींची कमाई गेली. ज्या दुकानदाराची उलाढाल मोठी आणि उद्याचा भरवसा नाही, तो दारात आला की ही बँक आधी बुडिताचा विचार करते, विक्रीचा नंतर.

म्हणून कार्ड व्यवसायात धोक्याची वर्गवारी फार लवकर सुरू झाली. प्रत्येक धंद्याला चार आकडी संकेतांक मिळाला. ७९९५ म्हणजे जुगार. परत फिरणाऱ्या व्यवहारांचे प्रमाण शेकडा एकच्या आसपास गेले की दुकानदार नजरेखाली येतो, दंड सुरू होतो. धोक्याच्या धंद्यांकडून जास्त दर घेतला जातो, विक्रीतला काही हिस्सा महिनोन्‌महिने अडकवून ठेवला जातो. ज्याचे खाते एका बँकेने बंद केले त्याचे नाव सामाईक यादीत जाते आणि मग दुसरी बँकही त्याला उभी करत नाही. इथपर्यंतची व्यवस्था मला रास्त वाटते. फसव्या धंद्याचा खर्च प्रामाणिक दुकानदारांच्या माथी पडू नये यात अन्यायाचे काही नाही, आणि फोनवरून नसलेला माल विकणाऱ्यांपासून असंख्य ग्राहक याच यादीमुळे वाचले असतील. अडचण पुढे येते. बुडिताचा धोका मोजता येतो आणि त्याची किंमत लावता येते. कायद्याचा आणि बदनामीचा धोका मोजता येत नाही, म्हणून त्यावर किंमतही लावता येत नाही. मग उरतो तो एकच मार्ग, नकार.

हा फरक इंटरनेटवरील जुगाराच्या इतिहासात लख्ख दिसतो. १९९०च्या दशकाच्या शेवटी कॅरिबियन बेटांवरच्या संकेतस्थळांवर अमेरिकी लोक कार्डाने पैसे लावू लागले. १९९८ मध्ये कॅलिफोर्नियातील एका महिलेवर अशा जुगारात ७०,००० डॉलरच्या आसपास कर्ज झाले. बँकेने वसुलीचा दावा लावला, तेव्हा तिने उलट दावा केला की बेकायदा जुगाराला बँकांनीच हात दिला, म्हणून हे कर्ज वसूल करण्याचा त्यांना हक्क नाही. प्रकरण तडजोडीने मिटले. पण बँकांच्या पोटात गोळा आला, कारण असे दावे आणखी येणार होते, आणि तसे ते आलेही. यातले दोन दावे न्यू ऑर्लिन्सच्या अपील न्यायालयापर्यंत गेले. २००२ मध्ये त्या न्यायालयाने कार्ड कंपन्यांच्या बाजूने निकाल दिला. ज्या कायद्याचा आधार घेतला होता तो खेळांवरील सट्ट्यापुरता आहे, कॅसिनोच्या खेळांना लागू नाही, असे न्यायालयाने सांगितले. म्हणजे कायद्याच्या अंगाने कंपन्या सुटल्या होत्या. त्याच वर्षी जूनमध्ये सिटीबँकेने न्यूयॉर्कचे महान्यायवादी एलियट स्पिट्झर यांच्याशी करार करून ऑनलाइन जुगाराचे सगळे व्यवहार अडवायचे मान्य केले. जुलैमध्ये ईबेने पेपाल विकत घेत असल्याचे जाहीर केले आणि जुगाराचा धंदा सोडून देणार असल्याचेही त्याच दमात सांगितले. पेपालने ऑगस्टमध्ये स्पिट्झर यांच्याशी समझोता केला; पुढच्या वर्षी मिसुरीतील संघराज्य वकिलाशी आणखी एक, एक कोटी डॉलर भरून. निकाल बाजूने लागत असताना कंपन्या माघार घेत होत्या. नुसता कायदा पाळायचा असता तर ही माघार कळत नाही. पेपालसारख्या नव्या कंपनीला प्रत्येक राज्यात पैसे पाठवण्याचा परवाना टिकवायचा होता, हे लक्षात घेतले की मग कळते.

कायदा नंतर आला. १३ ऑक्टोबर २००६ रोजी बंदरांच्या सुरक्षेच्या विधेयकाला जोडून ऑनलाइन जुगारविरोधी कायदा मंजूर झाला. त्याने बेकायदा जुगार नेमका कोणता हे स्वतः ठरवण्याचे टाळले, खेळणाऱ्याला शिक्षा ठेवली नाही, आणि बँका व पेमेंट कंपन्यांनी असे व्यवहार ओळखून थांबवावेत असे सांगितले. १८९०च्या मनीऑर्डरींचीच ही पुनरावृत्ती. जानेवारी २००७ मध्ये आयल ऑफ मॅन बेटावरून चालणाऱ्या नेटेलर या पेमेंट कंपनीच्या संस्थापकांना अमेरिकेत अटक झाली आणि कंपनीने पुढे १३.६ कोटी डॉलर सरकारजमा केले. पोकरच्या मोठ्या संकेतस्थळांनी मग दागिने आणि गोल्फचे चेंडू विकणारी खोटी ऑनलाइन दुकाने उभारून त्यांच्या नावे व्यवहार दाखवले, असे १५ एप्रिल २०११ च्या आरोपपत्रात नोंदले आहे. या खटाटोपात युटातल्या सेंट जॉर्ज गावची एक लहान बँकही अडकली. वाट अडवली की पैसा थांबतोच असे नाही, तो वेश बदलतो, आणि मग खऱ्या फसवणुकीचा माग काढणे पहिल्यापेक्षा अवघड होते. मधल्या माणसाच्या मानेवर पाय ठेवण्याची पद्धत सोपी वाटते, तिचा हा खर्च मात्र क्वचितच मोजला जातो.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो दुबळा नाही. खासगी कंपनीने कोणाशी धंदा करावा हा तिचा प्रश्न. किराणा दुकानदार जसा कोणाला उधार द्यायचे ते स्वतः ठरवतो, तसे कार्ड कंपनीनेही ठरवावे. डिसेंबर २०१०ची घटना पाहिली की हा आक्षेप कुठे लंगडा पडतो ते समजते. विकिलीक्सने अमेरिकी दूतावासांच्या तारा प्रसिद्ध केल्या आणि काही दिवसांतच पेपाल, व्हिसा, मास्टरकार्ड, वेस्टर्न युनियन व बँक ऑफ अमेरिका यांनी तिच्या देणग्यांची वाट बंद केली. तोपर्यंत विकिलीक्सवर कोणताही गुन्हा शाबीत झाला नव्हता, तिच्या देणग्या बेकायदा ठरवणारा न्यायालयाचा हुकूमही नव्हता. ९५ टक्के उत्पन्न गेल्याचे संस्थेने सांगितले. गावातल्या एका दुकानदाराने उधार नाकारले तर शेजारचा देतो. इथे शेजारचा नव्हताच. आइसलँडमध्ये देणग्या गोळा करणाऱ्या डेटासेल कंपनीने व्हिसाच्या तिथल्या भागीदारावर खटला भरला आणि एप्रिल २०१३ मध्ये त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने पेमेंटची वाट पुन्हा उघडण्याचा आदेश दिला. करार मोडायला कारण लागते, एवढेच त्या न्यायालयाने लागू केले. जगभर एवढ्या देशांत वाट बंद झाली, आणि इथे कुणी जाब विचारला तेव्हा उत्तर देणे जड गेले, याकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो.

सरकार उघड कायदा न करता हीच कळ दाबू लागते तेव्हा काय होते, ते २०१३ नंतर दिसले. अमेरिकेच्या न्याय खात्याने बँकांवर दबाव आणणारी ‘ऑपरेशन चोक पॉइंट’ ही मोहीम सुरू केली. बँकांच्या ठेवींचा विमा उतरवणाऱ्या संघराज्य संस्थेने २०११ मध्ये धोक्याच्या धंद्यांची एक यादी छापली होती. तिच्यात बेकायदा उद्योगांच्या जोडीला फटाके, तंबाखू, बंदुकीच्या गोळ्या, नाणी, डेटिंग सेवा असे अनेक पूर्ण कायदेशीर व्यवसाय होते. नियामकाने यादी दाखवली की बँकेला पुढचे सांगावे लागत नाही. या मोहिमेच्या बाजूनेही बोलले पाहिजे. नॉर्थ कॅरोलायनातील एका बँकेने फसव्या सावकारी कंपन्यांना लोकांच्या खात्यांतून पैसे ओढू दिले होते आणि जानेवारी २०१४ मध्ये तिने बारा लाख डॉलरवर प्रकरण मिटवले. ते पाऊल योग्यच होते. पण ठरावीक बँकेच्या ठरावीक गुन्ह्यावर कारवाई करणे निराळे आणि धंद्याच्या नावावरूनच संशय घेणे निराळे. दुसऱ्या प्रकारात सुक्याबरोबर ओलेही जळाले. २०१४ मध्ये यादी मागे घेतली गेली, २०१७ मध्ये मोहीम गुंडाळली. बँकांची सवय तशीच राहिली.

सगळ्यात अवघड आक्षेप पोर्नहबच्या प्रकरणातून येतो आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. डिसेंबर २०२० मध्ये निकोलस क्रिस्टोफ यांनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये लिहिले की त्या संकेतस्थळावर अल्पवयीन मुलींच्या शोषणाच्या चित्रफिती आहेत आणि पीडितांनी विनवण्या करूनही त्या पुन्हा पुन्हा वर येतात. काही दिवसांत मास्टरकार्ड आणि व्हिसाने पैसे बंद केले, आणि कंपनीने ओळख न पटवलेल्या लोकांनी टाकलेल्या लाखो चित्रफिती एका फटक्यात काढून टाकल्या. पोलीस, न्यायालये आणि संसदा यांना जे वर्षानुवर्षे जमले नाही ते दोन कंपन्यांनी आठवड्यात केले. त्या मुलींच्या बाजूने पाहिले तर या उपायाला नावे ठेवायला जीभ धजावत नाही, आणि मीही ठेवत नाही. त्या चित्रफिती हा गुन्हा होता, आणि गुन्ह्याच्या पैशाला वाट न देणे हे कोणत्याही पेमेंट कंपनीचे कर्तव्यच आहे. प्रश्न उरतो तो यानंतर त्या अधिकाराचे काय झाले याचा. २०२२ मध्ये कॅलिफोर्नियातील न्यायाधीशांनी पीडितेच्या दाव्यातून व्हिसाला वगळायला नकार दिला, त्यामुळे कंपन्यांची भीती आणखी वाढली. आणि जुलै २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियातील एका दबावगटाने पेमेंट कंपन्यांना पत्रे पाठवल्यावर स्टीम या खेळविक्रीच्या दालनातून अनेक खेळ निघाले, इच डॉट आयओ या छोट्या निर्मात्यांच्या दालनाने प्रौढांसाठीचे हजारो खेळ शोधयादीतून रातोरात दिसेनासे केले. त्यातले बहुसंख्य कोणत्याही कायद्याने बेकायदा ठरलेले नव्हते. मास्टरकार्डने जाहीर केले की आम्ही एकही खेळ तपासला नाही, कशावर बंदीही घालायला सांगितली नाही. स्टीमच्या मालकांनी सांगितले की मास्टरकार्ड आमच्याशी थेट बोललेच नाही. मधल्या पेमेंट कंपन्या आणि बँका आल्या आणि त्यांनी मास्टरकार्डच्या नियमपुस्तकातील ५.१२.७ हा, नाममुद्रेला बाधा आणणाऱ्या व्यवहारांविषयीचा नियम पुढे केला. निर्णय झाला, त्याची झळ हजारो निर्मात्यांना बसली, आणि निर्णय घेणारा कोणीच नव्हता. पोर्नहबच्या वेळी गुन्हा समोर होता. इथे फक्त कोणाची तरी नापसंती होती. रचनेला या दोहोंतला फरक कळत नाही.

भारतात ही रचना आणखी ताणलेली आहे. देशाची पेमेंट व्यवस्था ज्या दोन संस्थांच्या शब्दावर चालते, त्या रिझर्व्ह बँक आणि नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन, दोन्ही मुंबईत आहेत. जानेवारी २०२० पासून यूपीआयवर दुकानदाराकडून घ्यायचा दर शून्य आहे. म्हणजे जिथे चार आणे सुटत होते तिथे तेही सुटत नाहीत, मग वादाची ब्याद कोण अंगावर घेणार? ६ एप्रिल २०१८ रोजी रिझर्व्ह बँकेने बँकांना आभासी चलनाच्या व्यवहारांपासून दूर राहायला सांगितले. आभासी चलन बाळगायला देशात बंदी नव्हती. त्याच्या बाजारांचा बँकेशी असलेला धागा मात्र तुटला आणि काहींनी दुकान आवरले. ४ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केले. रिझर्व्ह बँकेला असा उपाय करण्याचा अधिकार आहे हे न्यायालयाने मान्य केले, पण या व्यवहारांमुळे आपल्या देखरेखीखालील संस्थांचे कोणते नुकसान झाले ते बँक दाखवू शकली नाही, म्हणून उपाय प्रमाणाबाहेरचा ठरला. यानंतरही बँका ग्राहकांना तेच रद्द झालेले परिपत्रक दाखवत राहिल्या, इतके की ३१ मे २०२१ रोजी रिझर्व्ह बँकेलाच सांगावे लागले की त्याचा हवाला देऊ नका. एप्रिल २०२२ मध्ये कॉइनबेस या आभासी चलनाच्या (क्रिप्टो) बाजाराने भारतात यूपीआयने पैसे घ्यायला सुरुवात केली. यूपीआय वापरणारे कोणतेही क्रिप्टो एक्स्चेंज आपल्याला ठाऊक नाही, असे एक निवेदन नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने काढले आणि काही दिवसांत ती सोय बंद पडली. बंदीचा शब्दही उच्चारावा लागला नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. या कायद्याने बँका आणि पेमेंट कंपन्यांना असे व्यवहार करण्यास थेट मनाई केली आणि त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंडाची तरतूद ठेवली. मुंबईच्या ड्रीम ११ ने पैशांचे खेळ लगेच थांबवले. या बंदीच्या शहाणपणाबद्दल मतभेद आहेत, आणि अशा खेळांत कर्जबाजारी झालेल्या घरांचे दुःख खरे आहे. तरीही या मार्गात एक गोष्ट आहे जी कॉइनबेसच्या किंवा खेळविक्रीच्या दालनांच्या बाबतीत नव्हती: काय बंद आहे, कोणी बंद केले आणि कोणत्या कलमाखाली, हे छापील स्वरूपात आहे. म्हणूनच कर्नाटक, दिल्ली आणि मध्य प्रदेशच्या उच्च न्यायालयांत त्याला आव्हान देता आले, आणि सप्टेंबरमध्ये त्या याचिका सर्वोच्च न्यायालयाने स्वतःकडे घेतल्या. इच डॉट आयओवर खेळ ठेवणाऱ्या निर्मात्याकडे न्यायालयासमोर ठेवायला असा कोणताच कागद नव्हता.